दहा लाख तीस हजारांची भिंत: जपानी कॉलेजच्या पोरांचा जमाखर्च

कोजागिरी
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

गेल्या वर्षी याच दिवसांतली गोष्ट. ऑफिसातून परतले तर आमच्या इमारतीच्या लोखंडी जिन्यावर शेजारच्या खोलीतली मुलगी बसलेली. मांडीवर पगाराच्या चिठ्ठ्या, हातात मोबाइलचा कॅल्क्युलेटर, अंगात कोट. मुलगी मूळची निगाताची, तेव्हा दुसऱ्या वर्षाला. खासगी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या बेन्तोच्या दुकानात डबे भरते, ताशी १,२०० येनवर. (एक येन म्हणजे आपले ५५-६० पैसे धरा.)

मला वाटलं, बिचारीला पैसे कमी पडताहेत. विचारलं तर म्हणाली, "नाही, जास्त होताहेत."

हिशोब असा होता. जानेवारीपासून तिच्या हातात ९,७८,४०० येन आले होते. नोव्हेंबरच्या कामाचा पगार डिसेंबरात मिळणार आणि कर लागतो तो पैसे हातात पडल्याच्या तारखेवर. वर्षाची बेरीज १०,३०,००० च्या आत ठेवायची तर उरले ५१,६००. म्हणजे पूर्ण नोव्हेंबर मिळून ४३ तास. मिनिटं इकडची तिकडे झाली तर म्हणून तिने ४१ च धरले, आणि हे मालकाला कुठल्या शब्दांत सांगायचं त्याची तालीम जिन्यावर बसून चालली होती. एरवी ती महिन्याला सत्तर-पंच्याहत्तर तास काम करते. दुकानातली बाकीची तीन पोरंही विद्यार्थीच. तीही हाच कागद घेऊन मालकाकडे जाणार, त्यामुळे मालकाचा चेहरा कसा होणार हे तिला आधीच दिसत होतं.

ही ती '१०३ मान'ची भिंत. मान म्हणजे दहा हजार. इथे लाख-कोटी नाहीत, सगळं दहा हजारांच्या पटीत मोजतात, आणि हे डोक्यात बसायला मला दोन वर्षं लागली. त्या रेषेच्या पलीकडे मुलीने एक येन जरी कमावला, तरी वडिलांच्या करातली तिच्या नावची ६ लाख ३० हजारांची वजावट उडणार. वडील कुठल्या टप्प्यात कर भरतात त्यावर आहे, पण घरावर साधारण लाख ते पावणेदोन लाख येनचा जादा कर बसायचा. म्हणजे मुलीने हजार येन जास्त मिळवायचे आणि बापाने लाख भरायचे.

हा आकडा १९९५ पासून जागचा हलला नव्हता. तेव्हा तोक्योत किमान वेतन ताशी ६५० च्या आसपास होतं, गेल्या वर्षी ऑक्टोबरात ते १,१६३ झालं. मजुरी वाढली की मुलांचे तास घटतात, खिसा तेवढाच राहतो, आणि दुकानाला माणूस मिळत नाही ते वेगळंच.

तिचं महिन्याचं गणित तिच्याच तोंडून: घरून ६० हजार येतात, खोलीभाडं ५२ हजार. सहा तातामींची (जमिनीवरच्या गवती चटयांची) खोली, म्हणजे जेमतेम शंभर चौरस फूट, आणि विमानातल्यासारखं एका साच्यातलं न्हाणीघर-संडास. वीज, गॅस, पाणी ९ हजार. जेवणखाण २८ हजार. त्यावर फोन, रेल्वेचा पास, पुस्तकं. शिवाय दरमहा ५० हजारांची 'शिष्यवृत्ती' आहे, ती सरळ फीमध्ये जाते. अवतरणचिन्हं मुद्दाम टाकली आहेत, त्यावर पुढे कोणीतरी बोलेलच. जेवायचं टेबल म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. आईने त्यातून तांदूळ पाठवले होते.

"तिकडची मुलं बघा, स्वतः काम करून शिकतात" हे आपल्याकडे फार कौतुकाने सांगतात. काम करतात हे खरंच. पण किती करायचं ते मुलं ठरवत नाहीत, बापाचा कर ठरवतो. जपानात असलेल्या, राहून गेलेल्या, मुलं तिथे शिकत असलेल्या सगळ्यांनी भर घाला.

बंडू_बिनपगारी
९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

एक बाळबोध प्रश्न. एवढा पुढारलेला देश, तिथे कॉलेज फुकट नाही? मी आजवर युरोपसारखंच धरून चाललो होतो.

नाम्या_निशिकासाईकर
१० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

बंडूशेठ, फुकट? माझ्याकडे या, पावत्या दाखवतो. मुलगा यंदाच एप्रिलमध्ये लागला.

राष्ट्रीय विद्यापीठांची ठरीव फी वर्षाला ५,३५,८०० येन, शिवाय पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क २,८२,००० येन. हा दर २००५ पासूनचा. विद्यापीठाला वाटलं तर २० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. तोक्यो विद्यापीठाने यंदाच्या बॅचपासून तो पूर्ण वाढवून ६,४२,९६० केला, पोरांनी आंदोलनं केली तरी. आणि गंमत ऐका. १९७५ मध्ये याच राष्ट्रीय विद्यापीठांची वर्षाची फी होती ३६,००० येन. आमच्या ऑफिसातले निवृत्तीला आलेले साहेब म्हणतात, त्यांच्या थोरल्या भावाने उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कमाईवर वर्षाची फी भरली होती.

पण इथे चारातली तीन मुलं खासगीतच जातात. तिथे नुसती शिकवणी फी सरासरी साडेनऊ लाखांच्या घरात. सायन्स-इंजिनिअरिंगला त्याहून वर, आणि खासगी मेडिकल म्हणाल तर सहा वर्षांचा आकडा कोटींत.

जखमेवर मीठ पुढे आहे. खासगीचे निकाल आधी लागतात, राष्ट्रीयचे मार्चमध्ये. मधल्या काळात खासगीची जागा धरून ठेवायची तर प्रवेश शुल्क भरावं लागतं, आणि ते परत मिळत नाही. आम्ही एका ठिकाणी अडीच लाख येन भरले. पोराला नंतर राष्ट्रीय मिळालं, अडीच लाख गंगेला मिळाले. त्याआधी पाच परीक्षांचे प्रत्येकी ३५ हजार. बायको म्हणाली, लग्नात हॉलचं अनामत बुडालं असं समजा.

पोरगा मात्र घरूनच जातो, जाऊन-येऊन रोज अडीच तास ट्रेनमध्ये. खोलीभाडं वाचवायला इथे हे सर्रास चालतं.

बंडू_बिनपगारी
१० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

कान धरले. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

इडलीसांबार
१० नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी पुण्यात जपानी शिकवते, तेव्हा शब्दांचं माझ्याकडे लागलं.

पार्टटाइम कामाला जपानीत 'आरुबाइतो', पोरांच्या तोंडी नुसतं 'बाइतो'. मूळ जर्मन 'आर्बाइट'. जर्मनीत तो कामालाच म्हणतात, जपानी विद्यार्थ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी उचलून जोडधंद्याला चिकटवला. घरून येणाऱ्या पैशांना 'शिओकुरी'. आपल्या जुन्या पिढीचा 'मनिऑर्डर' हा शब्द त्याला चपखल बसतो, कारण त्यात नुसते पैसे नसतात, माया आणि धाकही असतो.

आणि 'शोगाकुकिन'. कोशात अर्थ शिष्यवृत्ती. वर्गात मीही वर्षानुवर्षं तोच शिकवला, आणि एका विद्यार्थिनीने जपानहून कळवलं की मॅडम, इथे तर हे परत फेडतात! तेव्हापासून फळ्यावर शेजारी कंसात 'बहुतेक वेळा कर्ज' असं लिहिते.

जाता जाता: तास बुडवायचा असेल तर मित्राने हजेरी लावायची, त्याला 'दाइहेन'. म्हणजे आपली प्रॉक्सी! आणि मनाला येईल तेव्हा सुट्टी घेण्याला 'जिशु क्यूको', म्हणजे 'स्वतःहून जाहीर केलेली तासाची सुट्टी'. एवढा भारदस्त शब्द आपल्या फर्ग्युसन रोडवर बसणाऱ्यांनासुद्धा सुचला नाही.

माजी_मोनबुशो
१० नोव्हेंबर, रात्री ९:२०

१९९६ ते २००१ क्योतोत होतो, जपान सरकारच्या स्कॉलरशिपवर (ती खरीखुरी, परत न करायची), म्हणून दोन शब्द.

कोजागिरीताईंचं लिखाण आवडलं, पण सूर जरा रडका वाटला. आमच्या वेळची जपानी मुलं हिवाळ्यात स्कीइंगला, सुट्टीत हवाईला जायची. अभ्यास तर विचारूच नका, कॉलेज म्हणजे परीक्षेच्या नरकातून सुटल्यावर नोकरीच्या नरकात पडण्याआधीची चार वर्षांची हुरडा पार्टी. आताची पिढी फोनवर आणि गाण्याच्या बँडमधल्या 'लाडक्या'वर उधळते, त्याला म्हणे 'ओशिकात्सु' असं नाव आहे. मग पैसे पुरायचे कसे?

आणि ज्याला काटकसर करायची त्याला वाटा होत्या. माझा एक मित्र क्योतो विद्यापीठाच्या योशिदा होस्टेलात राहायचा. १९१३ ची लाकडी इमारत, चालताना कुरकुरणारी जमीन, व्हरांड्यात कोंबड्या, आणि महिन्याचा खर्च वीजपाण्यासकट अडीच हजार येनच्या आसपास. कारभार सगळा मुलांच्या हातात. २०१९ मध्ये विद्यापीठाने इमारत धोक्याची म्हणून पोरांना कोर्टात खेचलं. यंदा ऑगस्टमध्ये तडजोड झाली, जुनी इमारत मार्च २०२६ अखेर रिकामी करायची. वाचून वाईट वाटलं.

नाम्या_निशिकासाईकर
१० नोव्हेंबर, रात्री १०:०५

माजीसाहेब, तुमचा जपान आणि माझ्या पोराचा जपान हे दोन देश आहेत.

तोक्यो भागातल्या खासगी विद्यापीठांच्या कर्मचारी संघटना दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांना विचारून आकडे काढतात. घरून येणारी मनिऑर्डर १९९४ मध्ये सरासरी १,२४,९०० येन होती. २०२३ मध्ये ८९,३००. त्याच वर्षी खोलीभाडं ६९,७००. वजाबाकी करून तिसाने भागा: दिवसाला ६५३ येन. १९९० मध्ये हाच आकडा २,४६० होता. ६५३ मध्ये स्टेशनवरचा एक बोल नूडल्सही आता कसाबसा येतो. म्हणून बाइतो. हौस म्हणून नाही.

ओशिकात्सु आमच्याही घरात आहे, नाकारत नाही. पण पोरगा तो खर्च स्वतःच्या बाइतोतून करतो आणि मॅकडोनाल्डमध्येही फक्त कुपन असेल तरच जातो.

माजी_मोनबुशो
१० नोव्हेंबर, रात्री १०:३०

६५३? मागे घेतो शब्द. हुरडा पार्टी तेवढी राहू द्या.

सुरंगी
११ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मी सहसा वाचूनच जाते. पण 'शिष्यवृत्ती' निघाली म्हणून लिहिते.

नवरा जपानी, मूळचा आओमोरीचा. आमच्या घरात दर महिन्याच्या २७ तारखेला त्याच्या बँकेतून १३,६०० येन वजा होतात. लग्न ठरत होतं तेव्हा एका कॉफीच्या दुकानात त्याने बॅगेतून एक निळसर फोल्डर काढला आणि टेबलावर ठेवून अक्षरशः वाकून माफी मागितली. मला वाटलं आता काय निघतंय, आधीचं लग्न की आजार! निघाला विद्यार्थीदशेतल्या कर्जाचा तक्ता. दरमहा ५१ हजार, ४८ महिने, एकूण २४,४८,०००. बिनव्याजी. पंधरा वर्षांत १८० हप्ते. पदवी मार्च २०१३ ची, पहिला हप्ता ऑक्टोबरचा, शेवटचा २०२८ मध्ये.

मी हसले. माझ्या भावाचं शैक्षणिक कर्ज याच्या कितीतरी पट होतं, आणि आमच्याकडे कर्ज काढून शिकला हे लोक अभिमानाने सांगतात. पण इथे ते लग्नाआधी कबूल करायची गोष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाई अजूनही "आमच्यामुळे त्याच्या डोक्यावर" असं म्हणतात. सासरे मच्छीमार होते, तीन मुलं.

थोडी माहिती, कारण याबद्दल बराच गोंधळ असतो. हे पैसे देणारी सरकारी संस्था आहे, जास्सो. कर्ज दोन प्रकारचं: पहिलं बिनव्याजी, त्याला मार्क आणि घरचं उत्पन्न दोन्ही बघतात. दुसरं व्याजाचं, दरमहा २० हजारांपासून १ लाख २० हजारांपर्यंत हवं तेवढं घ्या. व्याजाला ३ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. खरी, न फेडायची मदत अगदी अलीकडची, २०१७ पासून थोड्यांना आणि २०२० पासून कमी उत्पन्नाच्या घरांना बऱ्यापैकी. हल्ली काही कंपन्या भरती करताना "तुमचं कर्ज आम्ही थेट भरू" असंही आमिष दाखवतात, २०२१ पासून ती सोय झाली. माझ्या नवऱ्याच्या कंपनीला हे मी दोनदा सुचवायला सांगितलं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

यंदापासून तीन किंवा जास्त मुलं असलेल्या घरांना उत्पन्न न बघता फीमाफी आहे, ठरावीक रकमेपर्यंत. पण थोरला शिकून नोकरीला लागला की घरात 'पोसायची' मुलं दोनच उरतात, आणि धाकट्यांची माफी जाते!

बंडू_बिनपगारी
११ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

म्हणजे थोरल्याने नापास होत राहायचं. कुटुंबवत्सल माणूस.

मुक्ताची_आई
११ नोव्हेंबर, दुपारी ३:००

नमस्कार. धागा अगदी वेळेवर आला. मुलगी बारावीला आहे, जपानीची एन३ (पाच पातळ्यांतली मधली परीक्षा) झाली आहे, पदवीलाच तिकडे जायचं म्हणते. इथला एक एजंट सांगतो की पहिल्या वर्षाची फी भरा, पुढचं सगळं ती पार्टटाइमवर भागवेल. खरं आहे का? आणि ही १०३ ची भिंत तिलाही लागेल का?

नाम्या_निशिकासाईकर
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

ताई, एजंटला सांगा की हे स्टॅम्पपेपरवर लिहून दे.

१०३ ची भिंत तिला लागत नाही, कारण तुम्ही जपानात कर भरत नाही. तिला लागते ती २८ तासांची. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढावी लागते, मग आठवड्याला २८ तास, आणि विद्यापीठाच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. बार, पाचिन्को (जुगाराच्या यंत्रांचे अड्डे) वगैरे ठिकाणी काम चालत नाही. तोक्योचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून १,२२६ आहे, म्हणजे पूर्ण २८ तास केले तर आठवड्याला ३४ हजार. कागदावर छान दिसतं. यातून राहणं-खाणं निघेल, फी निघणार नाही. शिवाय रात्री अकराला दुकान बंद करून सकाळी पावणेनऊच्या तासाला बसून, जपानी भाषेतून पास व्हायचं आहे. २८ ओलांडले तर व्हिसाच्या नूतनीकरणाला करपावत्यांवरून पकडतात. मुलं सांगतात "दोन ठिकाणी विभागून केलं तर कळत नाही". कळतं.

त्यापेक्षा फीमाफीचं बघा. बरीच विद्यापीठं परदेशी मुलांना ३०, ५०, कधी १०० टक्के सूट देतात. जास्सोची स्वखर्चाने आलेल्यांसाठी महिना ४८ हजारांची मदत आहे, आणि ती खरंच फेडायची नसते.

सुरंगी
११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मुक्ताच्या आई, अजून एक. विसाव्या वाढदिवसानंतर तिला सरकारकडून एक पाकीट येईल. शुभेच्छापत्र नव्हे, राष्ट्रीय पेन्शनचे हप्ते: २०२५-२६ च्या दराने महिना १७,५१० येन. जपानी-परदेशी सगळ्यांना. विद्यार्थ्यांना पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण अर्ज आपण करावा लागतो, आपोआप होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने ते पाकीट जाहिरात समजून कचऱ्यात टाकलं होतं.

आणि खोली घेताना 'रेइकिन' हा शब्द शोधून बघायला सांगा. घरमालकाला आभार म्हणून एक-दोन महिन्यांचं भाडं, परत न मिळणारं. मुंबईकरांना समजवायचं तर पागडीची सोज्वळ धाकटी बहीण. डिपॉझिट, दलाली, हमी देणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा हे धरून आत पाऊल टाकायलाच चार-पाच महिन्यांचं भाडं लागतं. रेइकिन नसलेल्या खोल्याही असतात, चिकाटीने शोधल्या तर.

खादाड_खानदेशी
१२ नोव्हेंबर, रात्री १२:२०

ओसाकात पीएचडी करतोय. खाण्याचा विषय कोणी नीट घेतला नाही हे बघून झोप उडाली.

आमच्या सुपरमार्केटमध्ये आठच्या सुमारास एक काका हातात लेबलची बंदूक घेऊन बाहेर येतात. तयार जेवणाच्या ट्रेवर 'हानगाकु', म्हणजे अर्धी किंमत, असं स्टिकर मारतात. त्याआधी दहा मिनिटं पंधरावीस पोरं तिथे घुटमळत असतात, पण कोणीही त्या डब्यांकडे बघत नाही. सगळे समोरच्या फ्रीजमधलं दही निरखत असतात. काका पुढे सरकले की गर्दी एक पाऊल सरकते. स्टिकर लागलं की हात येतो, आवाज नाही, धक्का नाही, तीन मिनिटांत फळी रिकामी. दादरच्या बाजारात असते तर काय राडा झाला असता! एकदा मी अधीर होऊन स्टिकरआधीच डबा उचलून काकांपुढे धरला. त्यांनी हसून मान हलवली आणि डबा परत फळीवर ठेवायला लावला. मागच्या पोराने तो नेला. तेव्हापासून मीही दही बघतो.

विद्यार्थ्याचं बाकीचं अन्न: मोयाशी, म्हणजे मोड आलेल्या मुगाचे लांब पांढरे कोंब, पिशवी तीस-चाळीस येनला. अंडी. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तीन डब्यांचा जोड. (नात्तोचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी गॅसवाल्याला बोलावणार होतो.) दुपारी विद्यापीठाचं 'गाकुशोकु', बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थेचं. पाचशे येनच्या आसपास पोटभर होतं, भाताचं माप लहान-मध्यम-मोठं सांगायचं, आणि पावतीवर लाल-हिरवे-पिवळे पोषणाचे गुण छापून येतात. म्हणजे गरीब आहेस ते आहेसच, वर भाजी कमी खाल्लीस हेही लेखी मिळतं. काही विद्यापीठांत परीक्षेच्या दिवसांत शंभर येनला नाश्ता देतात, वरचे पैसे माजी विद्यार्थी किंवा पालक संघ भरतो. सकाळच्या तासाला पोरं यावीत हा त्यातला कावा.

पण यंदा खरी बोंब झाली ती तांदळाची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात फळ्या रिकाम्या, आणि यंदा वसंतात पाच किलोची पिशवी चार हजारांच्या वर. आदल्या वर्षीच्या दुप्पट! पास्ता स्वस्त म्हणून आमची लॅब इटालियन झाली. शेवटी सरकारने गोदामातला साठा बाहेर काढला, पाच किलो दोन हजारांच्या आसपास. त्यात तीन-चार वर्षांपूर्वीचाही माल होता. जुन्या तांदळाला 'कोमाई', त्याहून जुना 'कोकोमाई', त्याहून जुना 'कोकोकोमाई'! जपानी पोरं नाक मुरडत होती, कारण इथे नव्या तांदळाचं कौतुक. मी मात्र दोन पिशव्या उचलल्या. जुना तांदूळ मोकळा होतो हे आमच्या आजीला विचारा. तीन वर्षांत पहिल्यांदा फोडणीचा भात फोडणीच्या भातासारखा झाला.

इडलीसांबार
१२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

खादाड, दह्याचा किस्सा वर्गात सांगणार.

एप्रिलमध्ये फुकट जेवता येतं ते राहिलं की! सत्र एप्रिलला सुरू होतं, सगळे क्लब (त्यांचा शब्द 'साकुरु', सर्कलवरून) नव्या मुलांना ओढायला बघतात, आणि रिवाज असा की जेवणाचं बिल वरच्या वर्गातल्यांनी द्यायचं. हुशार मुलं महिनाभर टेनिसपासून चहासमारंभापर्यंत सगळ्या क्लबांत रस दाखवतात. पुढच्या वर्षी तेच सिनियर होतात आणि पाकीट हलकं होतं.

खादाड_खानदेशी
१२ नोव्हेंबर, दुपारी २:१५

आमच्याकडे फुकट जेवू घालून मग रॅगिंग करायचे.

एक गंभीर गोष्ट. 'यामीबाइतो' म्हणजे काळोखातला बाइतो. सोशल मीडियावर 'दिवसाला लाख येन, काम सोपं' अशी जाहिरात, ओळखपत्राचा फोटो मागतात, आणि मग ज्येष्ठांना फसवून पैसे उचलायला किंवा थेट दरोड्याला पाठवतात. मागे फिरायचं म्हटलं की "घरचा पत्ता आमच्याकडे आहे". गेल्या वर्षी तोक्योच्या आसपास अशा दरोड्यांची लाटच आली होती, पकडलेल्यांत विशीतली पोरं. आमच्या विद्यापीठात संडासाच्या दारांवरही इशारे लावलेत. मुक्ताच्या आई, मुलीला हे आधी सांगा, पेन्शन नंतर.

मुक्ताची_आई
१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

सगळं लिहून घेतलं. एजंटला स्टॅम्पपेपरचं विचारलं, तो हसला आणि दुसऱ्या देशाचं माहितीपत्रक दिलं. सर्वांचे मनापासून आभार.

कोजागिरी
१३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

भरपूर भर पडली, धन्यवाद. शेजारणीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

भिंत हलली. यंदाच्या करसुधारणेत १९ ते २२ वर्षांच्या मुलांनी १५ लाखांपर्यंत कमावलं तरी पालकांची वजावट तशीच राहते, त्यापुढेही ती एकदम न जाता हळूहळू घटते. बापाच्या आरोग्य विम्यात राहायची मर्यादा १३ लाखांची होती, तीही या वयाच्या मुलांसाठी ऑक्टोबरपासून १५ लाख झाली. तीस वर्षं कोणी बोट लावलं नव्हतं, आणि ती नेमकी आता तिसऱ्या वर्षाला.

तिसरं वर्ष म्हणजे 'शुकात्सु', नोकरीची शोधाशोध. पदवी मिळायला अजून दीड वर्ष आहे. पण उन्हाळ्यातच काळा सूट घेतला, कोट-पॅन्ट-स्कर्ट-बूट-बॅग मिळून ४५ हजार. प्रत्येक कंपनीला आपण काय आहोत यावर निबंध, पहिल्या मुलाखती ऑनलाइन, आणि त्याही नेमक्या बेन्तो भरायच्या वेळी. आता ती आठवड्याला दोनच संध्याकाळ दुकानात जाते. परवा मी म्हटलं, आता हवं तेवढं कमावता येईल की! ती म्हणाली, "हो ना. यंदा सात लाखसुद्धा होणार नाहीत." मालक आता तिच्या मागे लागलाय की ये, भिंत गेली!

रविवारी तिच्या घरून खोकं आलं. नवा कोशिहिकारी तांदूळ, दहा किलो, आणि वर आईची चिठ्ठी. त्यातला दोन किलो ती मला द्यायला आली. मी नको-नको म्हटलं, या वर्षी तांदूळ म्हणजे सोनं. तर म्हणाली, खोकं हवंय लगेच रिकामं, आधीच्या टेबलाचा एक कोपरा ओलाव्याने खचलाय.

गुरगुट्या भात केला, तूप-मीठ-मेतकूट घालून. वाटीभर तिलाही दिला. मेतकूट तिने आधी हुंगून बघितलं, मग विचारलं की हे कुठल्या दुकानात मिळतं आणि किती येनला.